'सगळंच फेक असतं' म्हणणाऱ्या मुलांना आता पुढे काय शिकवायचं?

खडूफळा:

नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते, आज प्रश्न घेऊन आलेय. जरा लांबलाय, पण पूर्ण वाचा प्लीज.

मी आठवी-नववीला शिकवते. मागच्या टर्ममध्ये आमच्याकडे बाहेरून कोणीतरी येऊन फेक न्यूज कशी ओळखायची यावर तासाभराचं सेशन घेऊन गेलं. स्लाइड्स छान होत्या, एकामागून एक खोटे फोटो दाखवले, मुलं हसली, दचकली, टाळ्या वाजवल्या. आणि त्यानंतर वर्गात एक नवीनच प्रकार सुरू झालाय, मी काहीही दाखवलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, फेक असेल." उपग्रहातून घेतलेला चक्रीवादळाचा फोटो दाखवला, फेक. महायुद्धातला जुना फोटो दाखवला, एआयने बनवला असेल. आधी मला बरंच वाटलं, म्हटलं चला, प्रश्न तरी विचारतायत, पण नीट ऐकलं तर तो प्रश्न नसतोच, थेट निकाल असतो. कशावरून फेक असं विचारलं तर "आजकाल सगळंच असतं" एवढंच उत्तर, आणि शोधून बघायची तयारी कोणाचीच नाही.

दुसरीकडे हीच मुलं एखाद्या रीलवाल्याने सांगितलेलं डोळे मिटून मानतात, कारण काय तर तो भारी समजावून सांगतो. म्हणजे शंका घ्यायला शिकली पण कोणावर घ्यायची आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे काहीच कळलेलं नाहीये.

त्या सेशनवाल्यांनी एक तक्ता पण दिला होता. वेबसाइट नीटनेटकी दिसते का, पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे का, 'आमच्याबद्दल' असं पान आहे का, शुद्धलेखनाच्या चुका आहेत का, लेखकाचं नाव आहे का, असे बरेच प्रश्न. मुलं मनापासून टिक करत जातात आणि पार चुकीच्या ठिकाणी पोचतात, कारण व्यवस्थित पैसे ओतून बनवलेली खोटी साइट त्या सगळ्या प्रश्नांत पास होते.

मला पुढच्या टर्ममध्ये पाच-सहा तास मिळतील असं दिसतंय. ज्यांनी हे शिकवलंय किंवा या क्षेत्रात काम केलंय त्यांनी सांगा की एवढ्या वेळात खरंच फरक पडेल असं काय करता येईल. आणि काय करू नये तेही सांगा. मला ही मुलं भोळी राहायला नकोयत, पण कशावरच विश्वास नसलेली पण नकोयत, ते मला जास्त भीतीदायक वाटतं.

पुराव्यानिशी:

खडूफळा, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, आणि ही काळजी फक्त तुमच्या वर्गापुरती नाहीये. मी काही वर्षं फॅक्टचेकच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या-मेसेज खरे की खोटे ते तपासणाऱ्या विभागात, काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तो तक्ता बाजूला ठेवा. असे तक्ते ग्रंथालयांत चालायचे, पुस्तक आणि नियतकालिक तपासायला ते बऱ्यापैकी होते, कारण तिथे एक संपादक आधीच बसलेला असायचा. वेबवर तसं नाही. डॉट ऑर्ग कोणीही विकत घेऊ शकतो, त्याला कसलीच पात्रता लागत नाही. 'आमच्याबद्दल' मध्ये माणूस स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार ना. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्यालाच आपण विचारतोय की बाबा तू खरा का.

यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेला एक अभ्यास आहे, त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी घेतले आणि त्यांना अनोळखी साइट्स तपासायला दिल्या. त्यातली एक जोडी अशी होती की दोन्ही बालरोगतज्ज्ञांच्या संघटना, नावं जवळजवळ सारखी, एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स जी १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली, आणि दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स, २००२ साली वैचारिक मतभेदातून फुटून निघालेला छोटा गट. दिसायला दोन्ही साइट्स चकाचक. फॅक्टचेकर दहाच्या दहा बरोबर पोचले, इतिहासकार निम्मेच, आणि विद्यार्थी त्याहून मागे. आता इतिहासकार काही कमी हुशार नव्हते, त्यांचं तर कामच कागद तपासायचं. पण ते पानावर थांबून नीट, बारकाईने, वरपासून खालपर्यंत वाचत बसले. फॅक्टचेकरांनी काय केलं तर काही सेकंदांत पान सोडलं, नवीन टॅब उघडला आणि बाकीचे लोक या संघटनेबद्दल काय म्हणतात ते बघितलं. एवढाच फरक. याला लॅटरल रीडिंग म्हणतात, मी मुलांना 'बाजूला जाऊन वाचणं' असं सांगतो.

आणि हे शिकवता येतं, तुमच्याकडे जेवढे तास आहेत तेवढ्यातच. त्याच गटाने नंतर हायस्कूलच्या ४९९ मुलांवर प्रयोग केला, ५० मिनिटांचे सहा पाठ, नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या शिक्षकांकडून. ज्यांना हे पाठ मिळाले ती मुलं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट सुधारली. म्हणून पाच-सहा तास कमी आहेत असं अजिबात समजू नका.

आता 'सगळंच फेक' बद्दल. मला वाटतं चूक उदाहरणांच्या निवडीत होते. सेशनमध्ये दाखवलेली दहाच्या दहा चित्रं खोटी असतील तर मुलगा तासाभरात काय शिकेल? हेच की फेक म्हटलं की मार्क मिळतात. चुकीची माहिती ओळखायला शिकवणारे जे ऑनलाइन गेम्स निघालेत त्यांच्या निकालांची २०२३ मध्ये दोन संशोधकांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा असंच काहीसं निघालं, गेम खेळल्यावर लोक खोट्याला खोटं जास्त म्हणायला लागले पण खऱ्यालाही खोटं म्हणायला लागले, खरं-खोटं वेगळं करायची नजर मात्र फारशी वाढली नव्हती. म्हणून माझा ठाम नियम, तासाला निम्मी उदाहरणं खरी हवीत, आणि त्यातली काही ऐकताना अशक्य वाटणारी हवीत.

सगळ्यात चांगलं उदाहरण रस्त्यावरच्या शार्कचं. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो फिरला, सांगितलं गेलं की पोर्टो रिकोचा आहे. खोटा होता. दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात एका कयाकमागे (छोट्या वल्हवायच्या होडीमागे) शार्क असलेला जुना प्रसिद्ध फोटो आहे, त्यातली शार्क कापून इथे चिकटवली होती. त्यानंतर प्रत्येक मोठ्या पुरात तोच फोटो नवीन शहराच्या नावाने येत राहिला, २०१७ ला हार्वी वादळातही आला. वर्षानुवर्षं फॅक्टचेकर लोक हाच फोटो खोडत बसले होते. आणि मग २०२२ मध्ये इयन वादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समधून व्हिडिओ आला, पाणी भरलेल्या आवारात शार्कसारखा मोठा मासा वळवळतोय. सगळ्या जाणकारांनी आधी म्हटलं, आलं परत. पण काही पत्रकारांनी मूळ व्हिडिओ काढणाऱ्याला गाठलं, फाइलमधली वेळ-तारीख बघितली, जागा जुळवली, आणि तो व्हिडिओ खरा निघाला.

हे दोन्ही एकाच तासात दाखवा, कोणतं खरं ते न सांगता. दोन्हीला फेक म्हणणारा मुलगा पण चुकतो आणि दोन्हीला खरं म्हणणारा पण, सुटतो फक्त तोच जो उठून शोधतो. हे मुलांना स्वतःच्या हातून कळू द्या, तुम्ही भाषण द्यायची गरज नाही.

वाचनकट्टा:

पुराव्यानिशी यांच्या प्रतिसादाला +१. मी ग्रंथपाल आहे, मुलांसोबत हे नियमित करते, त्यामुळे फक्त वर्गात प्रत्यक्ष कसं चालतं तेवढं लिहिते.

ऑनलाइन माहिती कशी तपासायची हे शिकवणारे अमेरिकन अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी चार कृती सांगितल्यात, मी त्या मराठीत अशा सांगते: थांब, सांगणारा कोण ते बघ, याबद्दल अजून चांगलं कोणी लिहिलंय का ते शोध, आणि गोष्ट मूळ जागेपर्यंत माग काढत ने. चारही दर वेळी करायच्या असं काही नाही, बरेचदा दुसऱ्यातच काम होतं. यातली मुलांना सगळ्यात अवघड जाते ती पहिली, थांबणं. वाचून राग आला, हसू आलं, भीती वाटली, की बोट आपोआप शेअरकडे जातं. मी त्यांना सांगते की जोरात काहीतरी वाटलं ना, तीच थांबायची वेळ, कारण लिहिणाऱ्याला तेच वाटायला हवं होतं. खोटं असेलच असं नाही, पण थांब.

वेळेची मर्यादा ठेवा. मी मोबाइलवर टायमर लावून दोन मिनिटं देते. त्यात शेवटचा निकाल नकोच असतो, फक्त सांगायचं की "मी काय बघितलं आणि त्यावरून मला काय वाटतं". याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे मुलांना कळतं की हे लांबलचक कंटाळवाणं काम नाहीये, आणि दुसरं म्हणजे "माहीत नाही, पुरावा मिळाला नाही" हे उत्तर पण त्यांना देता यायला लागतं. तुमच्या मुलांकडे आत्ता दोनच उत्तरं आहेत, खरं नाहीतर फेक. मधली जागा तयार करा ताई. मी फळ्यावर पट्टी काढते, एका टोकाला 'नक्की खरं', दुसऱ्याला 'नक्की खोटं', आणि मुलं येऊन खूण करतात, नवीन काही सापडलं की खूण सरकवतात. खूण सरकवण्यात कमीपणा नाही हे त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो पण पडतं.

विकिपीडियाबद्दल पण एक सांगायचंय, बरेच शिक्षक मुलांना तिकडे बघूच देत नाहीत. निबंध उतरवायला नको हे ठीक. पण एखादी अनोळखी संस्था कोण आहे हे अर्ध्या मिनिटात कळायला त्यासारखं साधन नाही, आणि खाली संदर्भ असतात तिथून पुढे जाता येतं. फॅक्टचेकर लोक पण तिथूनच सुरुवात करतात.

जाहिराती विसरू नका! २०१६ चा स्टॅनफर्डचा दुसरा एक अहवाल आहे, त्यात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना 'प्रायोजित मजकूर' असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमीच वाटली. तुम्ही म्हणता तो भारी समजावणारा रीलवाला, त्याला पैसे कोण देतं हा प्रश्न मुलांनी स्वतः शोधावा असा एक तास नक्की ठेवा. माझ्या अनुभवात मुलांचे डोळे उघडतात ते खोट्या फोटोने नाही, या तासाने. मी कोणाचं नाव घेऊन वाईट म्हणत नाही, मुलांनाच त्यांचा आवडता निवडायला सांगते आणि विचारते, याला हा विषय कसा माहीत, चुकलं तर हा दुरुस्ती टाकतो का, आणि याची कमाई कशातून होते. काही आवडते या प्रश्नांतून छान पास होतात, तेही होऊ द्यावं.

सरळरेषा:

सगळ्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवून वेगळं बोलतो. मला हे सगळं मुलांच्या आणि शिक्षकांच्या खांद्यावर टाकणं पटत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या जवळपास १,२६,००० गोष्टी तपासल्या, खोट्या बातम्या खऱ्यापेक्षा रीट्वीट व्हायची शक्यता ७० टक्के जास्त निघाली, आणि खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोचायला साधारण सहापट वेळ लागला. ज्या यंत्रणा भडक गोष्टीलाच वर ढकलतात त्यांना काही करायचं नाही, आणि तेरा वर्षांच्या पोराने टॅब उघडून तपासत बसायचं?

आणि दुसरं, या ट्रेनिंगचा उपयोग होतो याचा पुरावा एवढा सरळ नाही. २०१९ मध्ये सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने बिहारमध्ये १,२२४ लोकांवर प्रयोग केला, घरी जाऊन तासभर शिकवलं, रिव्हर्स इमेज सर्च (फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधणं) वगैरे सगळं. नंतर तपासलं तर एकूणात खोटं ओळखण्यात लक्षणीय फरक पडलाच नव्हता, आणि राजकीय निष्ठा पक्की असलेल्या काहींच्या बाबतीत तर उलटाच परिणाम दिसला. माणूस तर्काने मानत नाही हो, आपल्या गटाचं म्हणून मानतो. शिवाय एखादी गोष्ट नुसती वारंवार ऐकली तरी खरी वाटायला लागते, हे १९७७ पासून प्रयोगांतून दिसत आलंय, आणि पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं की खरं काय ते आधीपासून माहीत असलं तरी पुनरावृत्तीचा परिणाम होतोच. मग सांगा, पाच-सहा तासांनी काय होणार.

पुराव्यानिशी:

सरळरेषा, मुद्दे रास्त आहेत आणि प्लॅटफॉर्मची जबाबदारी मला पण पूर्ण मान्य आहे. बदल केला की फरक पडतो हे दिसलंय सुद्धा, व्हॉट्सअॅपने एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि त्यांच्याच म्हणण्यानुसार असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. एक अडथळा घातला, कोणाला काही शिकवलं नाही, तरी एवढा परिणाम. अशी मागणी लावून धरलीच पाहिजे. पण त्या एमआयटीच्या अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली होती ती पण सांगा ना, बॉट्स (आपोआप पोस्ट टाकणारी अकाउंट्स) वगळून मोजलं तरी फरक तसाच राहिला, म्हणजे खोटं जास्त पसरवत होती ती माणसंच. माणसांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आणि बिहारचीच पुढची गोष्ट ऐका, कारण ती खडूफळांच्या थेट कामाची आहे. बद्रीनाथन आणि सहकाऱ्यांनी तिथेच नंतर मोठा प्रयोग केला, या वेळी मोठी माणसं नाही तर शाळकरी मुलं, ५८३ गावं, साधारण १३,५०० मुलं, आणि एका तासाऐवजी काही महिने चाललेले वर्ग. निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची खरं-खोटं ओळखण्याची क्षमता वाढली, चार महिन्यांनी परत तपासलं तेव्हाही टिकून होती, शिकवलं होतं आरोग्याच्या माहितीवर पण उपयोग राजकीय बातम्यांतही झाला, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्या मुलांच्या आईवडिलांमध्ये पण सुधारणा दिसली! घरी जाऊन पोरांनी सांगितलं असणार. एकाच राज्यातल्या दोन प्रयोगांचे एवढे वेगळे निकाल, यावरून मी तरी हेच धरतो की एकदा येऊन भाषण देणं वेगळं आणि कोवळ्या वयात पुन्हा पुन्हा करून घेणं वेगळं.

म्हणून खडूफळा, तुमचे सहा तास सलग एका आठवड्यात संपवू नका. टर्मभर पसरा. मध्ये मध्ये इतर विषयांत पाच-पाच मिनिटं घुसवा. फिनलंडमध्ये असंच करतात, तिथे 'माध्यम साक्षरता' असा वेगळा तास लावून मोकळे होत नाहीत, गणितात आकडे कसे फसवे मांडता येतात, चित्रकलेत फोटो कसा बदलता येतो, इतिहासात प्रचार कसा चालायचा, असं सगळ्या विषयांत मुरवलंय आणि अगदी लहान वयापासून. युरोपात चुकीच्या माहितीला तोंड द्यायची तयारी मोजणारा जो निर्देशांक निघतो त्यात तो देश सातत्याने पहिला असतो. अर्थात तिथे सरकारी संस्थांवर आणि वर्तमानपत्रांवर लोकांचा विश्वास मुळात जास्त आहे, त्यामुळे सगळं श्रेय शाळेला देता येणार नाही, पण विषयांत मुरवायची कल्पना उचलण्यासारखी आहे.

रानवारा:

मुलांचं बरंय हो, त्यांना वर्ग आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या मोठ्या माणसांचं काय करायचं? काका लोकांना काही सांगायला गेलं की "तू आम्हाला शिकवणार का" आणि मग दोन दिवस अबोला. शिवाय मी कुठेतरी वाचलं होतं की खोडून काढलं की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, त्यामुळे मी आता गप्प बसते.

वाचनकट्टा:

रानवारा, गप्प बसू नका. दुरुस्ती केली की विश्वास उलट घट्ट होतो हे २०१० च्या एका अभ्यासावरून खूप पसरलं, पण नंतर वुड आणि पोर्टर या संशोधकांनी ५२ वेगवेगळ्या मुद्द्यांवर दहा हजारांहून जास्त लोकांवर तपासलं तर तसं दिसलं नाही, बहुतेक लोक बरोबर माहिती मिळाल्यावर तिकडे थोडे तरी सरकतात. म्हणजे सांगण्याचा उपयोग होतो, अबोला होतो तो सांगायच्या पद्धतीमुळे.

ग्रुपवर सगळ्यांसमोर "हे फेक आहे" असं टाकू नका, मोठ्या माणसाचा मान जातो आणि मग विषय माहितीचा राहतच नाही. वेगळा फोन करा किंवा पर्सनलवर लिहा, "काका, तुम्ही पाठवलेलं वाचून मलाही काळजी वाटली म्हणून शोधलं, तर हे असं निघालं." काळजी खरी असते त्यांची, ती आधी मान्य करा. आणि लिहिताना खरी गोष्ट आधी लिहा, खोटी परत परत उगाळू नका, नाहीतर सरळरेषा म्हणाले तसं ऐकून ऐकून तीच डोक्यात बसते. ग्रुपवर बाकीच्यांसाठी टाकायचंच असेल तर कोणाचं नाव न घेता नुसती बरोबर माहिती टाका.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर ती दाखवून ठेवा, म्हणजे तो किमान पाच जणांच्या हातून फिरत आलाय, पाठवणाऱ्याला स्वतःला मूळ माहीत असण्याची शक्यता कमी. ही खूण ज्येष्ठांना पटकन लक्षात राहते आणि यात कोणाचा अपमान पण होत नाही.

एक मात्र आहे, ज्येष्ठ म्हणजे भोळे असं सरसकट धरू नका. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळचा फेसबुकवरचा अभ्यास आहे, त्यात ६५ च्या पुढच्यांनी सगळ्यात तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या साइट्सच्या लिंक शेअर केल्या होत्या हे खरं, पण मुळात सगळ्या वयांचे मिळून शेअर करणारेच ८.५ टक्के होते. आणि खऱ्या-खोट्या मथळ्यांच्या चाचण्यांत तरुण मंडळी ज्येष्ठांपेक्षा मागे पडल्याचंही दिसलंय. आयुष्याचा अनुभव कामाला येतोच, अडतं ते बरेचदा साधनांपाशी. एखाद्या आजोबांना रिव्हर्स इमेज सर्च दाखवा, मग ते ग्रुपमधले पहिले तपासनीस होतात, मी बघितलंय.

खडूफळा:

बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार. शार्कची जोडी पहिल्याच तासाला घेते. पट्टीची कल्पना पण फार आवडली, मधली जागा तयार करा हे वाचून मला नेमकं काय खटकत होतं ते कळलं. तास टर्मभर पसरवायला मुख्याध्यापकांशी बोलते. सरळरेषा, तुमचा राग मला पटतो, पण माझ्या हातात वर्ग आहे, अल्गोरिदम नाही.

एकच अजून विचारते. मुलं आता शोधतच नाहीत, चॅटबॉटला विचारतात की "हे खरं आहे का" आणि तो म्हणेल ते फायनल. आणि एआयचे फोटो ओळखायला त्या सेशनमध्ये बोटं मोजायला शिकवली होती, सहा बोटं दिसली तर फेक. हे अजून चालतं का?

पुराव्यानिशी:

बोटं मोजणं बंद करा, नव्या एआय मॉडेल्सच्या चित्रांत बोटं बरीच नीट येतात आणि मुलांना वाटेल की पाच बोटं म्हणजे खरा फोटो. उलटंही होतं, खऱ्या फोटोत हात कॉम्प्रेशनमुळे (फाइल लहान करताना फोटो बिघडल्यामुळे) विचित्र दिसला की लोक त्यालाच एआय ठरवतात. चित्राकडे टक लावून बघणं म्हणजे परत पानावरच थांबणं झालं. फोटोलाही तेच विचारायचं जे साइटला विचारलं: आधी कुठे आला, कोणी टाकला, आणि हे खरंच घडलं असतं तर अजून कोणाकोणाला दिसलं असतं?

२२ मे २०२३ ला पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा फोटो निळ्या टिकवाल्या अकाउंट्सवरून फिरला, अमेरिकेचा शेअर बाजार थोडा वेळ खाली पण आला. पिक्सेल तपासायची गरजच नव्हती. एवढ्या गजबजलेल्या ठिकाणी स्फोट झाला आणि दुसऱ्या कोणाही माणसाचा एकही फोटो नाही, एकही व्हिडिओ नाही, हे कसं शक्य आहे? तिथल्या स्थानिक अग्निशमन दलाने थोड्याच वेळात असं काही झालेलं नाही म्हणून जाहीरही केलं. हा प्रसंग वर्गात नक्की घ्या.

आणि एक लक्षात असू द्या, फेक काढता येतात हे सगळ्यांना माहीत झालं की खरोखर पकडला गेलेला माणूसही "तो व्हिडिओ एआयचा आहे" म्हणून सुटू बघतो. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या दोघा कायद्याच्या प्राध्यापकांनी याला 'खोटारड्याचा लाभांश' म्हटलंय. तुमच्या मागच्या बाकावरून येणारं "फेक असेल" नेमकं अशाच लोकांच्या सोयीचं आहे, आणि हे मुलांना सरळ सांगा, ती मोठी आहेत, त्यांना समजतं.

चॅटबॉटचं असं आहे, बंदी घालून उपयोग नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीने २०२५ मध्ये १८ देशांतल्या २२ सार्वजनिक प्रसारकांना घेऊन बातम्यांबद्दलची हजारो उत्तरं तपासली, ४५ टक्के उत्तरांत किमान एक तरी मोठी अडचण निघाली, आणि सगळ्यात जास्त अडचण स्रोतांचीच होती, म्हणजे दिलेला स्रोत तसं म्हणतच नाही किंवा स्रोतच नाही. यावर थेट तास घेता येईल. मुलांना चॅटबॉटला एखाद्या ताज्या बातमीबद्दल लिंकसकट विचारायला सांगा, मग प्रत्येक लिंक उघडून बघायची की तिथे खरंच तसं लिहिलंय का. बॉट बरोबर निघाला तर तसंही मान्य करायचं. जोडीजोडीने द्या, एकाने उघडायचं, दुसऱ्याने वाचून दाखवायचं, आणि बातमी त्याच आठवड्यातली घ्या, जुनी घेतली तर बॉटला बरीचशी आधीच माहीत असते.